मागच्या डाव्या चाकावरचं वजन

मे १९६१ मधल्या एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, एक सरकारी जीप पूर्णा नदीचं कोरडं पात्र ओलांडून दक्षिण काठावर पोचली. निघताना तिच्या मागच्या डाव्या चाकावर जेवढं वजन होतं, तेवढं पोचल्यावर नव्हतं. मधे जीप थांबली नाही. जीपमधून कोणी उतरलं नाही.

मी त्या जीपमधे होतो. भुताखेतांची बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या अकोल्याच्या कचेरीत आठवड्याला एखादी तरी यायची आणि ती टोपलीत टाकण्याचं काम माझ्याकडे असायचं. या सदरातले अनुभवही मी त्याच नजरेनं वाचत आलो. म्हणून हे लिहिताना त्या दिवशीची वही समोर ठेवली आहे. वहीत जे नाही, तिथे तसं सांगेन.

गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या उत्तर काठावरचं. नाव देत नाही — त्या घरची माणसं अजून तिथे आहेत. हा सगळा खारपाण पट्टा. विहिरीला पाणी लागतं ते मिठासारखं. त्याच पाण्यावर लिहायचं म्हणून मी सकाळी अमरावतीहून आरोग्य खात्याच्या जीपमधे बसलो होतो. सोबत नर्स कुमुदबाई, देवी टोचायला निघालेल्या. त्या पुण्याकडच्या, वऱ्हाडात येऊन त्यांना वर्ष झालं होतं. आणि ड्रायव्हर नामदेव वानखडे. वय चाळीसच्या पुढे. लढाईत त्यानं लिबियाच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवला होता. छप्पन साली त्याच्या घरानं बुद्ध धम्म घेतला. बोलणं कमी.

साडेदहाला गावाच्या तोंडाशी एक बाई जीपच्या आडवी उभी राहिली. पार्वताबाई. तिची मुलगी कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या. कुमुदबाई घरात गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या.

"मूल आडवं आहे," त्या नामदेवला म्हणाल्या. "इथे माझ्याच्यानं होणार नाही. अकोल्याला न्यायलाच हवं. किती वेळ लागेल?"

"पुलावरून गेलो तं च्यार-पाच घंटे."

"तेवढा वेळ नाही तिच्याकडे."

नामदेवनं नदीकडे पाहिलं. "वाळूतून काढली तं दोन घंट्यात पोचवतो. पण मधात फसलो तं मंग संध्याकाळच."

सगळा प्रश्न एवढाच होता.

काठावर पोचलो तेव्हा पात्रात दीड-दोन फर्लांग नुसती वाळू होती, पलीकडच्या अंगाला घोट्याएवढी धार. बैलगाड्यांनी वाट उकरून ठेवलेली. मधोमध कडब्यानं भरलेली एक गाडी रुतून आडवी झाली होती. बैल सोडून नेलेले.

नामदेव खाली उतरला. चारही चाकांच्या व्हॉल्व्हच्या टोप्या काढून त्यानं आपल्या टोपीत ठेवल्या, टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि काडेपेटीच्या काडीनं पिन दाबून हवा सोडायला लागला.

"हे काय? पंक्चर करताय का?" कुमुदबाईंनी विचारलं.

"नाई बाई. फुगेल टायर वाळूत खुपसते. हवा कमी केली का पसरते — उंटाच्या पायावानी. उंट फसलेला पायला का तुमी कधी?"

"मी उंटच पाहिला नाही."

"मंग माह्यावर भरवसा ठेवा."

रस्त्यावर त्या जीपला अठ्ठावीस पौंड हवा लागे. त्यानं पुढे चौदा आणि मागे सोळा केली. हवा मोजायचा गेज माझ्या हातात दिला आणि आकडे लिहायला सांगितले. तापलेल्या टायरात गेज पौंडभर जास्त दाखवतो. मी वाचलेल्या आकड्यातून तो तेवढं वजा करून सांगत होता. मग त्यानं खिशातून कडुनिंबाची वीतभर काडी काढली. तिच्यावर चाकूनं केलेल्या खाचा होत्या, एकीपासून दुसरी अर्ध्या बोटावर. काडी चाकाशेजारी जमिनीवर उभी धरायची आणि रिमची कडा कोणत्या खाचेवर येते ते बघायचं. टायर किती बसला ते त्यावरून कळतं.

"गेज हवा सांगते," तो मला म्हणाला. "वजन नाई सांगत. वजन काडी सांगते."

सोळा पौंडांवर, मागे तीन माणसं असताना, कडा वरून तिसऱ्या खाचेवर यायला हवी होती. उजव्या चाकाला ती तिथेच आली. डाव्या चाकाला चौथीवर.

त्यानं पुन्हा काडी लावली. मग जीप दोन हात पुढे घेऊन सपाट जागा बघितली आणि तिसऱ्यांदा लावली. चौथीवरच.

"मांगं कोण कोण बसेल हाये?"

"मी, पोरगी अन् ह्या नर्सबाई," पार्वताबाई म्हणाली.

हे मी स्वतः बघितलं. दोन बाकांच्या मधे गोधडीवर कमल होती, पाठ पुढच्या सीटला टेकवून. उजव्या बाकावर कुमुदबाई. त्यांच्या पायाशी, खाली, पार्वताबाई, मांडीवर तांब्या. डावा बाक रिकामा होता. कुमुदबाई तिला "वर बसा ना, जागा आहे" असं गावातच म्हणाल्या होत्या, तेव्हा तिनं "राहू द्या, इथंच बरं हाये" एवढंच उत्तर दिलं होतं. पाण्याचा डबा आणि माझी पिशवी पुढे होती.

नामदेवनं डाव्या बाकाखाली हात घालून बघितलं. काही नव्हतं. स्प्रिंगच्या पात्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यानं पंप काढला आणि डाव्या चाकाला लावला.

"आता काय?" कुमुदबाई म्हणाल्या. "आत्ताच सोडलीत ना हवा?"

"डाव्या बाजूले एक माणूस जास्त हाये."

"तीन माणसं आहेत, नामदेव. मोजा. मी मोजते — एक, दोन, तीन. आणि ही मुलगी कळा देतेय."

"मी मोजले बाई. माह्याबी मोजण्यात तीनच येते." तो पंप मारतच होता. "पण टायर चार म्हणून राहिला. वाळूवर मले टायरचं ऐकावं लागते."

मी मधे पडलो. म्हणालो, काडी चुकत असेल, वेळ जातोय. त्यानं मान वर केली नाही.

"इतल्या वजनाले सोळा कमी हाये, सायेब. गाडीले वळसा द्यावा लागन थ्या कडब्यापाशी. टायर रिममधून निसटला तं थ्या पोरीले वाळूत ठेवून जॅक लावू का मी?"

अठरा पौंडांवर कडा तिसऱ्या खाचेवर आली. मी लिहिलं: पुढची दोन्ही १४, मागचं उजवं १६, मागचं डावं १८. वेळ ११.४०.

जीप दुसऱ्या गिअरात, एका चालीत, कुठेही न थांबता गेली. रुतलेल्या गाडीपाशी नामदेवनं ती उजवीकडे झटक्यात वळवली. सगळा भार डावीकडे आला, जीप कलली, मागून वाळू फेकली गेली आणि क्षणभर चाक जागीच फिरलं. मग पकड आली. मी वळून बघितलं तेव्हा कमलचा उजवा हात रिकाम्या बाकाच्या कडेवर घट्ट होता. आधारासाठी असेल. हे वहीत नाही, आठवतं.

दक्षिण काठावर एक बाभूळ आहे. अकोल्याकडे जाणारी मोटर तिथे थांबायची. नामदेवनं जीप तिथे उभी केली; पक्क्या रस्त्याला लागण्याआधी चाकं पुन्हा भरावी लागणार होती. पंप लावण्याआधी त्यानं सवयीनं मागच्या डाव्या चाकाला काडी लावली. तिथेच उकिडवा बसून राहिला.

"सायेब, वही घेऊन या."

रिमच्या फटीत वाळू घुसली होती. वळणावर टायर निसटता निसटता राहिला होता. "दोन पौंड कमी असते तं गेलाच होता," तो म्हणाला. पण त्यानं मला त्यासाठी बोलावलं नव्हतं. गेज अठराच दाखवत होता. कडा दुसऱ्या खाचेवर होती. उजवं चाक सोळावर, तिसऱ्या खाचेवर, जसंच्या तसं. आत तिघी होत्या तिथेच होत्या.

त्या वेळी पार्वताबाई मागच्या फळीवरून नदीकडे बघत होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "जा आता माघारी. ऊन लय हाये."

वाळूवर कोणी नव्हतं. कडब्याची गाडी होती.

"कोणाला म्हणालात?" मी विचारलं.

"हिच्या बाबाले." तिला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "पोरगी सासरी निंगाली का दर खेपी इथपावतर पोचवाले येत. या बाभळीखाली उभे राहत. मोटर दिसेनाशी झाली का मंग फिरत. पौषात वारले थे. पोरीनं जागा धरून ठेव म्हटलं, म्या ठेवली."

नामदेवनं डोक्यावरची टोपी काढली. आतल्या चार टोप्या त्याच्या हातात आल्या. त्या त्यानं एकेक करून बघितल्या, मग पंप लावला. आम्ही आळीपाळीनं चारही चाकं अठ्ठावीसवर नेली. पार्वताबाईनं त्याच्यापुढे पाणी केलं. त्यानं जुन्या सवयीनं ओंजळ धरली. तिनं तांब्याच त्याच्या हातात दिला.

पावणेदोनला आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात होतो. तीनच्या आधी कमलला मुलगी झाली. दोघी वाचल्या. दहाव्या दिवशी मी कमलला भेटलो. नदी ओलांडल्याचं तिला काही आठवत नव्हतं. जागा धरून ठेव असं आपण आईला म्हणालो, हेही नाही.

तपासायचं तेवढं मी तपासलं. संध्याकाळी अकोल्यातल्या एका गॅरेजमधे मिस्त्रीनं मागच्या दोन्ही स्प्रिंगा उतरवून बघितल्या. पातं तुटलेलं नव्हतं. चाकात गळती नव्हती. उन्हानं हवा फुगते आणि रिम थोडी उचलते, हे मला मान्य आहे. पण मग उजवं चाकही उचललं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी वाळूत बाभळीपासून गावाकडे गेलेले अनवाणी पायांचे ठसे होते. ती रहदारीची वाट आहे, त्याला पुरावा म्हणता येत नाही. एका इंजिनिअर स्नेह्याला मी आकडे दाखवले. तो म्हणाला, काडीत चूक असेल... काडी नामदेवनं नंतर मला दिली, ती माझ्याकडे आहे. खाचा सारख्या अंतरावर आहेत. याहून पुढे मला जाता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही परत निघालो. बाभळीखाली नामदेवनं मागच्या चाकांची हवा आदल्या दिवसासारखीच केली — डाव्यात अठरा, उजव्यात सोळा. मागे कोणी नव्हतं. त्यानं डाव्या चाकाला काडी लावली आणि रिमची कडा जिथे आली तिथे नखानं नवी खूण केली.

"सायेब, जरा मांगं बसता का? डाव्या बाकावर. फळीपाशी."

मी जाऊन बसलो. तो खाली वाकला.

"किती?" मी विचारलं.

"अर्धं बोट खाली. बरोबर एक खाच, कालच्यावानी." त्यानं काडी उचलली. "आता उतरा."

मी उतरलो. त्यानं पुन्हा काडी लावली. कडा अर्धं बोट वर, नखाच्या खुणेवर आली होती.