एका वाघिणीच्या दोन बाजू

जंगलातल्या कॅमेऱ्याचं जुनं मेमरी कार्ड परवा कपाटात सापडलं आणि चंद्रपूरचा तो प्रोग्रामिंगचा वर्ग आठवला. तेव्हा मी वाघांच्या फोटोंना नावं देणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लिहीत असे. वरून खाली, एकामागून एक आज्ञा. वर्गात ऑब्जेक्ट शिकवत होते, म्हणजे एखाद्या वस्तूची सगळी माहिती एकत्र बांधायची पद्धत. त्या दिवशी स्वतःच्या कामावर प्रोग्राम लिहायचा होता. न जमणाऱ्याला नवख्यांच्या बॅचमध्ये पाठवणार होते. कूलरच्या ओल्या गवताचा वास खोलीभर होता. मी माझ्या सहा फोटोंपैकी प्रत्येकाचा एक वाघ केला. पडद्यावर सहा वाघ आले. शेजारचा वनरक्षक हसला. "बाई, ह्या दोन फोटोत वाघीन एकच हाये. दोन कॅमेरे समोरासमोर असते, एकात डावी बाजू, एकात उजवी. तुमी एकीच्या दोन करून राह्यल्या." सर म्हणाले, "स्क्रिप्टवाल्यांची सवय जात नाई. हे सगळं पुसा अन् सोमवारपासून त्या बॅचले बसा." "पुसत नाई, सर. अन् मी इथीच बसतो," मी म्हणाले. फोटोऐवजी 'वाघ' नावाचा क्लास, म्हणजे वाघाच्या माहितीचा साचा लिहिला, त्यात डाव्या-उजव्या बाजूला जागा दिली आणि एकाच क्षणी निघालेले दोन फोटो एकाच वाघाला जोडले. सहाचे तीन झाले. सर पडद्याजवळ आले. "फोटो वाचाचा भाग जुन्या स्क्रिप्टचाच ठेवला काऊन?" "चालते म्हणून." त्यांनी पुढचा धडा काढला. आज त्या दोन्ही बॅच मी शिकवते. कुणाचीही स्क्रिप्ट पुसायला लावत नाही.