शब्दांची घरं आणि भामरे काकांची लाल पेन्सिल

लोज्बान शिकणाऱ्यांचे किस्से सांगायचे कुणाला, हाच मोठा प्रश्न असतो. ही भाषा कुठली, इथपासून सुरुवात करावी लागते आणि किश्शापर्यंत पोचेतो समोरचा चहा संपवून निघालेला असतो! त्यामुळे आमच्याकडे किस्से नुसते साचत गेलेत. आता सापडलाच आहात तर बसा.

लोज्बान ही माणसांनी ठरवून बांधलेली भाषा, कुठल्याच गावाची नाही. तिचे मूळ शब्द पाच-पाच इंग्रजी अक्षरांचे आणि प्रत्येकाला ठरलेल्या जागा. त्यांना आम्ही 'घरं' म्हणतो. 'मम्ता' म्हणजे आई, पण नुसती नाही. पहिल्या घरात आई कोण आणि दुसऱ्या घरात कुणाची, हे त्या शब्दातच आलं.

दर रविवारी सकाळी पंचवटीत आमच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही चौघं जमतो. वाचनालयात काम करणारी मी, ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले भामरे काका, सॉफ्टवेअरवाला अमित आणि अकरावीतली तन्वी. पाचवी मंदाताई. ती शिकत नाही. मखमलाबादच्या मळ्यातून तन्वीला स्कूटीवर आणते आणि क्लास सुटेपर्यंत कोपऱ्यात शेवंतीचे हार ओवत बसते. तन्वी पाच वर्षांची असताना तिची आई गेली, मंदाताई त्यानंतर दोन वर्षांनी तिच्या वडिलांशी लग्न करून घरात आली. तन्वी तिला 'मावशी' म्हणते.

आमचा नियम एकच. शब्द कार्डाच्या मधोमध लिहायचा, दोन्ही बाजूंच्या घरांत आपल्या माणसांची नावं भरायची आणि कार्ड फिरवायचं. अर्थ बाकीच्यांनी सांगायचा. तोवर लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही!

*

काका मूळचे सटाण्याकडचे. जन्म इन्स्पेक्शन खात्यात गेलेला, त्यामुळे घरं असलेले शब्द त्यांना भलतेच आवडले. 'क्लामा' म्हणजे जाणं, त्याला पाच घरं. कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने.

एकदा बायकोने विचारलं, "कुठं निघाले?"

काका दारातच उभे राहिले. "मी, वणीला, नाशिकहून, दिंडोरी रस्त्याने, एस्टीने. पाचही घरं भरली, बघ!"

काकू म्हणाल्या, "अन् जेवायला परत कधी, ते घर तुमच्या भाषेत नाही वाटतं?"

खरंच नाही. त्यासाठी वेगळा शब्द जोडावा लागतो. काका त्या दिवशी बाहेरच जेवले.

*

अमित मुलगी बघायला येवल्याला गेला होता. पोहे झाले, निघताना त्याची आई रिवाजाप्रमाणे म्हणाली, "कळवतो."

मुलीने शांतपणे अमितला विचारलं, "मघाशी सांगत होतात ना, तुमच्या भाषेत वाक्याचे दोन अर्थ लागतच नाहीत? मग तिच्यात 'कळवतो'ला काय म्हणतात?"

अमितने बराच विचार केला. "असं काही म्हणता येईल असं वाटत नाही."

"मग त्याच भाषेत उत्तर द्या."

लग्नाला दोन वर्षं झाली!

*

मूळ शब्दांचे तुकडे घेऊन नवा जोडशब्द करता येतो. त्याचा अर्थ मात्र एकदा काय तो ठरवावा लागतो. मी 'ख्रुला' म्हणजे फूल आणि 'झ्दानी' म्हणजे घर, यांचा 'रुल्झ्दा' केला आणि गप्प बसले. अमित म्हणाला, पॉलीहाऊस. काका म्हणाले, फुलदाणी. माझ्या मनात दोन्ही नव्हतं. तसं खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं, शब्द छान दिसला म्हणून केला होता.

कोपऱ्यातून मंदाताई म्हणाली, "फुलाचं घर म्हंजे झाडच की. आमी रोज सकाळी त्यांना घरातून काढून आनतो."

सुई तशीच चालू होती. आम्ही तोच अर्थ वहीत लिहिला.

*

मग 'मम्ता'चा रविवार आला. तन्वीने कार्ड फिरवलं. दुसऱ्या घरात 'तन्वी', पहिलं घर कोरं.

काकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि सवयीने कार्डावर शेरा मारला. 'अपूर्ण'. कारखान्यात चाळीस वर्षं अर्धवट माल असाच परत पाठवला होता ना! हात थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

तन्वीने कार्ड उचललं, बॅग उचलली आणि जिना उतरून गेली. मंदाताईने भराभर फुलं गोळा केली. जिन्यात तिने मला विचारलं, "ताई, ते घर रिकामं ठेवलं, म्हंजे तिथं कुनीच नाय का?"

"नाही हो. या भाषेत रिकामं म्हणजे कुणीतरी आहे, फक्त सांगितलेलं नाही."

तिने फुलांची पिशवी काखेत मारली. "मंग असू द्या रिकामं. नऊ वर्सं मी वाट बघतेच हाय. पन तिला कुनी घाई करू नका."

मला त्या दिवशी काकांचा फार राग आला, आणि आपण ही घरं भरण्याची टूम काढलीच कशाला म्हणून स्वतःचाही.

*

तीन रविवार तन्वी आली नाही. चौथ्या आठवड्यात काका स्वतः मळ्यात गेले, नवं कोरं कार्ड घेऊन. आपल्या अहिराणीत म्हणाले, "पोरी, चूक मनी शे, माझीच. लाल पेन्सिल खोडली जात नाही, म्हणून नवं आणलं."

तन्वी म्हणाली, "जुनंच राहू द्या, काका." एवढं बोलून ती फुलं तोडायला लागली. काकांनीही तासभर तोडली. ती सगळी कळ्यांसकट तोडली होती, म्हणून मंदाताईने नंतर निम्मी बाजूला काढली.

*

पुढच्या रविवारी दोघी आल्या. मंदाताई कोपऱ्यात बसली. तन्वीने तेच जुनं कार्ड काढलं आणि आम्हाला न देता आधी कोपऱ्यात नेऊन दिलं.

मंदाताईने हात पदराला पुसले आणि कार्ड लांब धरलं. लाल शेरा तसाच होता. आमची कार्डं नेहमी इंग्रजी अक्षरांत असतात. मंदाताईला ती वाचता येत नाहीत. पण या कार्डावर तन्वीने आता दोन्ही बाजूंची नावं मराठीत लिहिली होती.

"हे माझं नाव हाय," ती हळू म्हणाली. "अन् हे तुझं. मधी काय लिव्हलंय गं?"

नियमाप्रमाणे तन्वीला बोलायची मनाई होती. सांगायचं आम्ही. मी अमितकडे बघितलं, अमितने काकांकडे. काका चष्मा पुसत होते.

मंदाताईने पुन्हा विचारलं, "सांगा की कुनी. मधी काय हाय?"

शेवटी नियम तन्वीनेच मोडला. "आई," ती म्हणाली.