शिफ्टवर ठेवलेलं बोट

"सेल बदलले का, काकू?" चपला काढता काढताच मी विचारलं.

"दोनदा बदलले. चांगले महागातले आणले. तरी कीबोर्ड चालंनाच गेलाय." काकूंनी माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं. "इंजिनियर मागून यायलाय का?"

"मीच इंजिनियर."

"हौ का? मग ये बाई, आत ये."

हे मला रोजचंच. सिकंदराबादच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी हार्डवेअरची कामं करते. घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. बाई बघून लोक आधी चमकतात, नंतर चहा देतात.

चिक्कडपल्लीतलं पाठककाकांचं हे घर मात्र वेगळं होतं. काकांची सुलतान बाजारात टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही शिकवायचे. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून टाइप करायला लावत, असं काकू सांगत होत्या. पुढे घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. पेन धरलं की हात कापायचा, पण टाइप करताना कापत नसे. म्हणून कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला. काका मांडीवर वायरलेस कीबोर्ड घेऊन बोलायचे ते टीव्हीवर मोठ्या अक्षरांत उमटायचं, आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून वाचून उत्तर द्यायच्या.

"आवाज होता तेव्हा एवढं बोलले नाहीत बघ," काकू म्हणाल्या. "आणि आता रविवारपासून नुसते गप बसून राहायलेत. घर खायला उठतं गं."

काका माझ्याकडे बघून हसले. नमस्कार केला.

मी कामाला लागले. वायरलेस कीबोर्डबरोबर नखाएवढा एक तुकडा येतो, त्याला डोंगल म्हणतात. तो कॉम्प्युटरला लावायचा. कीबोर्डचा सिग्नल तो पकडतो. कधी तो टीव्हीच्या मागे वायरींच्या गर्दीत दडतो आणि सिग्नल अडतो. मी तो पुढच्या पोर्टला लावला. फरक शून्य. पण माऊस त्याच डोंगलवर चालत होता, आणि तो मस्त पळत होता. म्हणजे डोंगल ठीक.

तेवढ्यात आमच्या सरांचा फोन आला. "मॅडम, टाइम नक्को खराब करो. कीबोर्ड मर गया होंगा. नया दे देव, निकलो."

"देखती हूं सर."

मी सहज एक बटण दाबून धरलं. जरा वेळाने अक्षर उमटलं. मग माझ्या लक्षात आलं. कीबोर्ड जिवंत होता, कॉम्प्युटरच त्याच्याकडे कानाडोळा करत होता. 'फिल्टर कीज' नावाची एक सोय असते. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी. ती चालू असली की झटकन दाबलेली बटणं कॉम्प्युटर मोजतच नाही. उजवीकडचं शिफ्ट सात-आठ सेकंद दाबून धरलं की ती चालू करू का, असं विचारणारी चौकट येते. चुकून होकार गेला की झालं.

मी ती बंद केली. कीबोर्ड चालू.

"काका, काहीतरी टाइप करून बघा. घरचा पत्ताच लिहा."

काकांची बोटं बसली. बघत राहावं अशी. 'चि' आलं. पुढे अर्धा 'क' हवा होता, आणि त्यांच्या जुन्या टायपिंगच्या पद्धतीत अर्धं अक्षर काढायला शिफ्ट दाबावं लागतं. उजवी करंगळी बरोबर शिफ्टवर गेली. आणि तिथेच थांबली.

डावा हात बटणांवर अधांतरी होता. थरथर अजिबात नाही. काका टीव्हीकडे बघत होते, मग कीबोर्डकडे, मग माझ्याकडे. लग्न झाल्यापासून ज्या वस्तीत राहिले तिचं नाव त्यांना पुरं करता येत नव्हतं. बीप वाजला, चौकट आली. त्यांचा अंगठा सवयीने स्पेसवर पडला आणि कीबोर्ड परत बंद झाला.

काकांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि भिंतीकडे बघत बसले.

"बिघडलाय ना?" काकू दारातून म्हणाल्या. "नवा बसवून टाक."

मी त्यांना गॅलरीत नेलं. "काकू, कीबोर्ड चांगला आहे. काकांना डॉक्टरांना दाखवा."

काकूंनी पदराने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

"मला कळंना का? चहा पायजे तर 'गरम' लिहितात. नातीला 'ती लहान' म्हणतात. नेते की, उद्याच नेते. पण तू नवा बसव."

"खरंच गरज नाही हो."

"मला आहे."

मी बॅगेतला नवा कीबोर्ड बसवला. शिफ्टची ती सोयही कायमची बंद केली, म्हणजे पुन्हा अडायला नको. काका बसले. 'चि' आलं. करंगळी शिफ्टवर गेली. आता बीप वाजणार नव्हता. करंगळी तिथेच राहिली.

काकूंनी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी घेतलं.

"होऊ द्या सावकाश," त्या म्हणाल्या. "कीबोर्ड नवा आहे. हात बसायला वेळ लागतो."

काकांनी मान हलवली.

डॉक्टरांनी काकूंना जे वाटत होतं तेच सांगितलं, शब्द विसरत जाण्याचा आजार. औषधं सुरू आहेत. अधूनमधून काकूंचा मला फोन येतो. "तुझा कीबोर्ड लईच हळू चालायलाय गं."

"सेल बदलून बघा काकू," मी म्हणते.

"हौ, बदलते," त्या म्हणतात.

यंत्रात बिघाड निघाला की ग्राहक माझ्यावर चिडतात. चिडू देत. बिघाड यंत्रातच निघाला, यात किती सुख असतं ते त्यांना ठाऊक नसतं.