व्हर्लिनच्या भिंतींना व्हार्निश

माझा भाऊ व्हर्लिन कोरकम होड्या बांधायचा. लुनेनबर्गजवळ खाडीकाठी त्याची कार्यशाळा. तिच्या चारी भिंतींवर त्यानं स्वतः चिरलेली देवदाराची फळकुटं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक ठोकलेली. वर ना रंग, ना तेल. "पाणी आत शिरणारच, युना. त्याला बाहेर पडायला वाट ठेवायची, बस," म्हणायचा. खाऱ्या वाऱ्यानं भिंती राखाडी झाल्या होत्या. एखादं फळकूट फुटलं की तेवढंच काढून नवं बसवायचा.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. दिवसभर खिडकीशी बसून कार्यशाळेकडे बघत राहायचा. जीव तेवढ्यातच उरला होता त्याचा.

उन्हाळ्यात बॅझिल निकल आणि त्याचे सोबती आले. सगळे मासेमार, सगळ्यांच्या होड्या व्हर्लिनच्या हातच्या. त्यांनी होडीला लावायच्या व्हार्निशचे डबे आणले होते.

"भिंतींची रया गेलीय बघ," बॅझिल म्हणाला. "होडीत समुद्र शिरू देत नाही ते भिंतीत पाऊस शिरू देईल होय?"

खिडकीतून व्हर्लिन डावा हात जोरजोरात हलवू लागला. मेल्यांनीही बाहेरून हात हलवले.

मी धावले. "अरे बाबांनो, त्याला नकोय ते. ओल आत कोंडेल, लाकूड कुजेल."

"तू चुलीवरचं बघ गं. लाकडाचं आम्ही बघतो."

संध्याकाळी भिंती चकाकत होत्या आणि व्हर्लिन रडत होता. त्याला आनंद झालाय असं समजून बॅझिलही रडला. काय बोलणार अशा माणसांना?

हिवाळाभर व्हर्लिन एकच शब्द घोकत होता. घशातून नुसती घरघर यायची, पण सोडला नाही त्यानं.

वसंतात व्हार्निशला फोड आले. खालची फळकुटं काळी पडली, बोट लावलं तर रुतायचं. मंडळी पुन्हा डबे घेऊन आली.

"थंडीनं खाल्लं," बॅझिल म्हणाला. "यंदा जाड हात देऊ. काय व्हर्लिन?"

मी तोंड उघडणार, तोच व्हर्लिननं माझं मनगट दाबलं. मानेच्या शिरा ताणल्या, लाळ गळाली, आणि तो म्हणाला, "नको."

मग बॅझिलनं त्याला मिठीच मारली. "बोलला रे! आणि बोलला तेही काय, तर नको. अस्सल आपला व्हर्लिन."

आमच्या खाडीत पहिल्या झटक्यात हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. चहा असो की मदत, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं.

"अजून एक नको बाकी आहे," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"न... नको."

त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याला रम पाजली आणि डबे उचलून बाहेर गेले. मी मागोमाग जाऊन ओरडले, शिव्या घातल्या. शिड्या लागल्याही होत्या. आत व्हर्लिन अजून नको म्हणत होता, आता अगदी स्वच्छ.