सुंगटांची पेटी

माझ्या वहिनीशी माझं कधी पटलं नाही. कोणाचं कोणाशी का पटत नाही याची कारणं शोधत बसण्यात अर्थ नसतो. तिचा आवाज मोठा, माझं डोकं गरम. आई-वडील गेलेले, भाऊ मुंबईला गिरणीत, आणि धामापूरच्या तळ्यापासून तासाभराच्या वाटेवरच्या त्या घरात आम्ही दोघंच. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मला जेवू घातलं ते तिनेच, आणि हे ती विसरू देत नसे, म्हणूनही मला तिचा राग यायचा.

साठ सालाच्या आगेमागे मी गावच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागलो. काचेच्या पेटीत पाणवनस्पती लावून त्यात गोड्या पाण्यातली कोळंबी जगवता येते, हे मी कुठेतरी वाचलं आणि ते डोक्यात बसलं. जुन्या खिडकीच्या चार काचा पत्र्याच्या चौकटीत बसवल्या. होड्यांच्या फटी बुजवणाऱ्याकडून राळ आणून सांधे भरले. तळ्यातली वाळू सात पाण्यांनी धुतली, शेवाळाच्या काड्या रोवल्या, महिनाभर पेटी नुसती पाण्यानं भरून ठेवली आणि मग तळ्यातून पंधरा-वीस सुंगटं आणली. आमच्याकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात. ही नखाएवढी आणि काचेसारखी आरपार होती. पोटात काय चाललंय तेसुद्धा दिसायचं.

वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "सुंगटां पोसूची नसतत रे, खावची असतत," ती म्हणाली आणि शेजारणीला ऐकू जाईल इतकं हसली. मला तिडीक आली.

हा जीव नाजूक. पाणी एकदम बदललेलं त्याला चालत नाही. दिवसाला करवंटीभर काढायचं, करवंटीभर घालायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. खोबरेल लागलेला हात बुडवायचा नाही. कोळंबी कात टाकते, ती कात उचलायची नाही, कारण कोळंबी तीच परत खाते. नवी पाठ कडक होईपर्यंत ती शेवाळात लपून बसते, तेव्हा तिला हुसकायचं नाही. शेवाळ आणि काचेवरचा हिरवा थर एवढं खाणं तिला पुरतं. हे सगळं मी वहिनीला बजावलं होतं. चौथ्या दिवशी बघतो तर पाणी दुधाळ, तळाशी भाताची शितं फुगलेली आणि तीन सुंगटं उताणी.

"उपाशी दिसली, म्हणान चार शितां घातलंय," वहिनी म्हणाली.

मी रागावलो की शाळेतली मराठी बोलायचो. ती मराठी मला काठीसारखी वापरता यायची. "यापुढे तुम्ही या पेटीला हात लावायचा नाही," मी म्हणालो, "आणि पेटीबद्दल तोंडही उघडायचं नाही. अडाणी माणसाचं हे काम नाही."

तिनं खरोखरच तोंड मिटलं. दुसऱ्या दिवसापासून पेटीशेजारी मातीच्या मडक्यात विहिरीचं पाणी भरून ठेवलेलं असायचं. कोणी सांगितलं नव्हतं. मी ते वापरायचो आणि एका शब्दानं तिला काही म्हणायचो नाही.

वर्षभर पेटी उत्तम चालली. पिल्लं झाली, पन्नासाच्या वर गेली. मग शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा तपासायला यायचे होते आणि हेडमास्तरांनी त्यांना माझी पेटी दाखवायचं कबूल केलं. त्या सकाळी मला मडक्यातलं पाणी गढूळ वाटलं. स्वयंपाकघराच्या दारात तांब्याची कळशी होती. वहिनी दर मंगळवारी ती आमसुलानं घासायची, इतकी की तिच्यात तोंड दिसावं. देवाचं आणि पिण्याचं पाणी त्यात असायचं. याहून शुद्ध पाणी कुठलं? मी निम्मी पेटी उपसली आणि कळशी तिच्यात ओतली.

दुपारी साहेबांना घेऊन आलो तर पेटीत एकही जीव हलत नव्हता. सगळी सुंगटं पांढरी पडून तळाशी आडवी झाली होती. साहेब म्हणाले, "शेवाळ मात्र छान आहे हो." हेडमास्तर हसले.

ते गेल्यावर मी वहिनीवर तुटून पडलो. पुन्हा भात टाकलात, मुद्दाम केलंत, चार लोकांत माझी शोभा केलीत. ती एवढंच म्हणाली, "मी हात लावूक नाय." मी त्याच संध्याकाळी भावाला पत्र लिहिलं, या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी. मुंबईत भाऊ सहा जणांच्या खोलीत राहायचा. त्यानं तिला काही दिवस आचऱ्याला माहेरी जायला कळवलं. माहेरी दोन भाऊ, दोन भावजया आणि तिच्यासाठी पडवीचा एक कोपरा. परसातल्या अळवाला पाणी घालून ती गेली. मला हायसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

काही दिवसांचं दीड वर्ष झालं. मी पेटी दोनदा नव्यानं लावली. आता मडकं कोण भरणार? मी कळशीच वापरायचो. दोन्ही वेळा सुंगटं दोन दिवसांत मेली, अगदी तशीच, पांढरी होऊन. मग एकदा वर्गात मी नेहमीचा धडा शिकवत होतो. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवलं की त्यातले बारीक जीव मरतात. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. त्या दिवशी ते लिहिलं आणि खडू हातात तसाच धरून उभा राहिलो.

रविवारी आचऱ्याला गेलो. वहिनी अंगणात कोकमाचे रतांबे फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. वाळली होती. मला बघून उठली नाही.

"सुंगटां बरी आसत?" तिनं विचारलं.

मी कळशीचं सगळं सांगितलं. ती रतांबे फोडतच राहिली.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "तू कळशी उचललंस तेव्हा मी पडवेत होतंय. हयसर पोरा गळ घेवन मासे गरवूक जातत, गळाक लावूची जिती सुंगटां मडक्यातच नेतत. तांब्यात मरतत."

मला पुन्हा राग आला. तिचाच. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडूचा नाय, असा तूच सांगितलंस. आणि मगे इचारलंस खंय? थेट पत्र लिवलंस."

आतून भावजयीनं हाक मारली, रतांबे अजून झाले नाहीत का म्हणून. वहिनी खाली मान घालून भराभर हात चालवायला लागली. घरी जिच्या आवाजानं पलीकडची आळी जागी व्हायची, ती इथे उत्तरसुद्धा देईना. वयनी, घराक चल, एवढं म्हणायला मी तासभराचा प्रवास करून आलो होतो. ते शब्द तोंडात होते. पण मी तिच्यासमोर चूक कबूल केली होती आणि तेच मला पुरे झालं होतं.

"परतीची एस.टी. किती वाजता आहे?" मी शाळेतल्या मराठीत विचारलं.

"साडेचाराक," ती म्हणाली. "ती चुकली तर सव्वासहाक. सकाळची सातची आणि धाची आसा. आयतवारी धाची येना नाय."

आमच्या गावाकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या.