तीन चमचे येळवस

कळंबच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तरी आप्पांचा हेका सुटला नव्हता. खिडकीशी येऊन म्हणाले, "सैपाक शिकाय पुण्याला? घरात आई हाय की शिकवाय!" हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे काय, हे मी महिनाभर सांगत होते, पालथ्या घड्यावर पाणी. आई भांडली नाही. गाडी हलली तशी एवढंच बोलली, "कुठंबी जा, वाढताना हात आखडू नगंस."

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, आपली येळवस आठवते का? मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावस्येला गावात कुत्रंसुद्धा उरायचं नाही, सगळे रानात. कडब्याच्या कोपीतल्या देवांना आधी निवद, मग झाडाखाली पंगत. तूर, हरभरा, वाटाणा, रानातला मिळेल तो ओला दाणा घातलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि मडक्यातली गार आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आई हाक मारून बसवायची. तो "बास" म्हणाला की हमखास आणखी एक पळी. मला तेव्हा त्या आग्रहाची लई लाज वाटायची.

आता मी पुण्यात एका फाईन डाइनिंग रेस्टॉरंटची शेफ आहे. सात कोर्सचा मेनू, त्यात एक माझी येळवस: काळ्या दगडी प्लेटमध्ये तीन चमचे भज्जी, वर उंड्याचा चुरा, कडेला आंबिलीचा फेस. लोक आधी फोटो काढतात, मग खातात.

गेल्या हिवाळ्यात आई-आप्पांना हौसेनं बोलावलं. हीच प्लेट सगळ्यात आधी पाठवली आणि किचनच्या काचेतून बघत उभी राहिले. आपलं रान आईला या प्लेटमध्ये ओळखू येईल का, एवढीच धाकधूक. आईनं प्लेटीभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि प्लेट बाजूला सारून बसून राहिली. आप्पाही तसेच. वेटरनं दोन्ही प्लेटी जशाच्या तशा परत आणल्या. मी तशीच धावत बाहेर गेले.

"आई, आवडलं न्हाय व्हय?"

"निवद दावला की," ती म्हणाली. "आता जेवाय वाढ. तुझे आप्पा सकाळधरनं उपाशी हायेत."

"आई, अशाच सात प्लेटी म्हणजे इथलं जेवण," हे सांगताना जीभ रेटेना. ती चिडली असती तर परवडलं असतं. तिनं माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "हात आखडला व्हय गं?"

शेफचा पांढरा कोट अंगात, आणि मी सगळ्यांसमोर रडले. मग आत जाऊन भज्जीचं अख्खं पातेलं उचलून आणलं. आप्पांनी तीनदा मागून घेतलं. शेजारचे टकामका बघायला लागले, तर आई त्यांनाच म्हणाली, "बघता काय? या की जेवाय!" आणि आले की ते!

प्लेट अजूनही तीन चमच्यांचीच आहे, खोटं कशाला बोलू? पण ती उचलली की मी स्वतः पातेलं घेऊन टेबलाटेबलांतून फिरते. मालक कुरकुरतात, कुरकुरू देत. घराची आठवण येते का, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. रोज कुणीतरी ताटावर हात आडवा धरून "बास, बास" म्हणतं, आणि मी तो हात बाजूला सारून आणखी एक पळी वाढतेच.