शेवटची रांग

तालमीआधी मेश्रामकाका हॉलमधल्या खुर्च्यांच्या प्रत्येक रांगेवर एक सतरंजी टाकायचे. मावळतीच्या उजेडात एकाच पांघरुणाखाली माणसं दाटीवाटीने बसल्यासारखी वाटायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दारातच थांबले. काका म्हणाले, "माणसं बसवून राहिलो, मॅडम. रिकामा हॉल घुमते, मोठा गोड बोलते. त्याच्यावर भरोसा ठेवाचा नाही."

कॉलेज इंग्रजांच्या काळातलं, हॉल दगडी, छप्पर उंच. काका तिथले शिपाई. निवृत्तीनंतरही कॉलेजने त्यांना हॉलपुरतं ठेवून घेतलं होतं. आमचा वाद्यवृंद हौशी लोकांचा. संचालक लांजेवार सर दातांचे डॉक्टर, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले दोघे, काही बँकवाले. मी व्हायोलिनच्या मागच्या रांगेत, आणि चिटणीस. म्हणजे फोन, किल्ल्या, चहा.

काकांचं खरं काम तालमीत सुरू व्हायचं. ते शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून उजवा हात वर करत. आवाज पोचतोय तोवर हात वर, नाही पोचला की खाली. रागांची नावं, सुरांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. एकदा मलाच म्हणाले, "मॅडम, वाजवून राहिल्या का खाजवून राहिल्या?" पण त्यांच्या हाताप्रमाणे लांजेवार सर आमच्या जागा ठरवत, आणि कार्यक्रमात तेच बरोबर निघायचं.

एका जानेवारीत सरांनी मधेच सगळ्यांना थांबवलं. हॉल गप्प झाला. काकांचा हात वरच होता. बाकीचे पानं उलटत होते, म्हणून ते फक्त मला दिसलं. चहाच्या वेळी मी त्यांच्या मागे उभी राहून दोनदा हाक मारली. मग समोर गेले.

ते समजले. "कोणाले सांगू नका, मॅडम."

मी तोंडासमोर हळू बोलले, "डॉक्टरला दाखवा. कानाचं यंत्र मिळतं."

"दाखवलं न. यंत्र लावलं का खुर्च्याच किरकिरतात, बाजा गायब." मग म्हणाले, "घरी मले कोणी काही विचारत नाही. इथं डॉक्टर, साहेब लोकं माह्या हाताकडं पाहतात."

लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. त्या वर्षी केली. सरोजताई, निवृत्त शिक्षिका, बासरी वाजवतात. त्यांना स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात बसवलं होतं. तालमीत काकांचा हात वर राहिला आणि मी गप्प बसले.

कार्यक्रम मार्चमधला. छतावरच्या पंख्यांची खडखड वाद्यांत मिसळते म्हणून पंखे बंद, आणि लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेले. संपल्यावर माझी नणंद मागच्या रांगेतून आली. "त्या बाई नुसत्याच फुंकत होत्या का गं?"

गर्दी ओसरली. काका पत्रिका गोळा करत होते. "बासरी पोचली न, मॅडम?"

"पोचली."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही."

पुढच्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. शहराबाहेर बेसाला मुलीकडे होते. मी भेटायला गेले. आता काहीच ऐकू येत नव्हतं. मुलीने कागद-पेन दिलं. मी लिहिलं : बासरी पोचली नव्हती. मला माहीत होतं.

त्यांनी वाचलं आणि हसले. "मलेही मालूम होतं. साहव्या रांगेपर्यंत गेली. तिथवर लोकायचे कागद थांबले होते. मागचे वारा घेऊनच राहिले होते."

मी लिहिलं : मग मला का विचारलं?

"पाहत होतो, तुमी काय म्हणता ते. नाही म्हणाल्या असत्या, तं माह्या जागेवर तुमालेच बसवलं असतं."

मी पेन मुलीला परत दिलं. आठ दिवसांनी ते गेले.

यंदाच्या मार्चमध्येही सरोजताई मागेच बसल्या होत्या. त्या तुकड्यात व्हायोलिन नाहीत, म्हणून मी हॉलकडे बघत होते. बासरी सुरू झाली आणि पुढून मागे, एकेका रांगेतल्या पत्रिका थांबत गेल्या. शेवटच्या रांगेत कोपऱ्याला एक मात्र हलतच राहिली. संथ, एका लयीत.

मध्यंतरात मी तिथे गेले. खुर्ची रिकामी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "इथं सुरुवातीपासून कोणीच नाही बसलं." खुर्चीवर चार घड्या घातलेली पत्रिका होती. पंखे बंद, खिडक्या बंद.

मी स्टेजमागे गेले. लांजेवार सरांना सांगितलं, "सरोजताईंना पुढे घ्या. बासरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतेय."